मिश्कील, ७५० मि.ली.

“मावशी, डोळा तसाच मिटलेला राहू द्या,” मी म्हणालो.

“राह्यतो की,” ती म्हणाली. “त्याला कुठं जायचंय.”

फेब्रुवारीतली सकाळ होती. पत्र्याच्या शेडमधल्या लांब टेबलावर द्राक्षांची क्रेटं उलटी होत होती आणि दोन्ही बाजूंच्या बायका त्यातून सडके मणी, पानं, काड्या आणि एकदा एक जिवंत सरडा वेगळा काढत होत्या. चांगुणामावशी अगदी टोकाला उभी होती. घड उचलायची, पत्र्याच्या फटीतून येणाऱ्या उन्हात धरायची आणि डावा डोळा मिटून उजव्याने आरपार बघायची. बघताना ओठाचा एक कोपरा वर जायचा. द्राक्षाने तिला काहीतरी चावट सांगितलंय आणि ती ते कुणाला सांगणार नाहीये, असं वाटायचं. मी मोबाइलवर सात फोटो काढले.

तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो आणि नाशिकच्या एका लेबलं छापणाऱ्या प्रेसमध्ये डिझायनर होतो. लोणचं, खोकल्याचं औषध, गाईंचं कॅल्शियम असं सगळं केलं होतं. फिनेलच्या एका बाटलीवरचं हसणारं पाइनचं झाड हे माझं सगळ्यांत गाजलेलं काम. तळेवाडीचे हेमंतशेठ निकम पहिल्यांदाच वाइन काढणार होते आणि त्यांना लेबल हवं होतं.

“फ्रान्समध्ये बाटलीवर किल्ला असतो,” ते म्हणाले होते. “आपणही किल्ला टाकू.”

“त्यांच्याकडे किल्ला असतो, शेठ.”

“आपल्याकडे पाण्याची टाकी आहे ना. तिलाच बुरूज काढ.”

मी टाकीला बुरूज काढले. ते तुरुंगासारखे दिसले. मग घोडा काढला, मग घोड्यावर हेमंतशेठ. शेवटी ते वैतागून म्हणाले, “दुकानात सत्तर बाटल्या रांगेत उभ्या असतात. गिऱ्हाइकाला वाइनमधलं काही कळत नसतं. तो लेबल बघून हात घालतो. सत्तरांतली एक बाटली त्याच्याशी बोलली पाहिजे. जा, बागेत फीर, काहीतरी बघ.”

म्हणून मी शेडमध्ये आलो होतो. बायका मतदानाबद्दल बोलत होत्या. मी विचारलं, कसलं मतदान? तर मावशीने दोन घड हातात घेऊन समजावलं. गावात देशी दारूचं दुकान होतं. ते ठेवायचं का घालवायचं, यावर फक्त बायकांनी मत द्यायचं. मतपत्रिकेवर दोनच चित्रं. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे बंद. गावात चारशे बारा बायका मतदार. दोनशे सात जणींनी आडवीवर शिक्का मारला तरच दुकान उठणार. जी घरी बसेल, ती उभीच्याच बाजूची.

“आणि तुम्ही इथे वाइनची द्राक्षं निवडता?” मी म्हणालो.

“ही बाटली पुण्या-मुंबईला जाती. तिकडच्या बायांनी तिकडं बघावं. मला माझ्या गावातली आडवी पाडायची.”

“दुकान गेलं तरी पिणारा दुसऱ्या गावाला जाऊन पितोच ना.”

“दुसरं दुकान अकरा किलोमीटरवर आहे. भाऊसाहेबाने गाडी विकून टाकली. अकरा किलोमीटर तो चालणार नाही.” भाऊसाहेब म्हणजे तिचा मुलगा. “लई आळशी आहे माझा भाऊसाहेब,” ती म्हणाली. बाकीच्या आया मुलगा इंजिनीअर असल्याचं ज्या आवाजात सांगतात, अगदी त्या आवाजात.

फोटो काढून झाल्यावर तिने विचारलं, “कशाला काढला रे?”

“मतदानाच्या पत्रकावर छापतो तुम्हाला,” मी म्हणालो.

थट्टा करताना माझा चेहरा हलत नाही. शाळेत याचं फार कौतुक होतं. एका तिमाहीला मी गुरुजींना आजोबा वारल्याचं सांगून तीन दिवस सुट्टी मिळवली होती आणि आजोबाच मला शाळेत सोडायला आले होते.

*

चार दिवसांनी ती एसटीने नाशिकला, थेट प्रेसमध्ये आली. डोळ्यांच्या शिबिरात म्हाताऱ्यांना वाटतात तसला मोठा काळा चष्मा घातला होता.

“मावशी, हिरॉइन!” मी म्हणालो.

“शहरात घालते,” ती म्हणाली आणि माझ्या शेजारच्या स्टुलावर बसली. “पत्रक झालं का?”

मी तोवर पत्रकाचं विसरलोही होतो. पण ती दोन बस बदलून आली होती. तिला ती थट्टा होती असं सांगायची माझी हिंमत झाली नाही आणि पत्रक करून देणं हे सांगण्यापेक्षा सोपं होतं.

“हे करतोच आहे,” मी म्हणालो.

“माझं तोंड टाकू नको. तेच सांगाया आले.”

“का? चांगला आलाय फोटो.”

“नको म्हणलं ना. नुसती बाटली काढ. आडवी. अशी की न शिकलेल्या बाईलापण कळली पाहिजे. मागच्या खेपेला शेजारच्या गावात चित्र असं काढलेलं, की बायांना बाटली का बोट कळंना.”

तिचा चेहरा तेव्हा माझ्या स्क्रीनवरच होता, दुसऱ्या एका कामाच्या मागच्या खिडकीत. लेबलासाठी मी तो रेघारेघांनी काढला होता, जुन्या ठशांसारखा. डावा डोळा मिटलेला, ओठाचा कोपरा वर. तो कोपरा मी जरा आणखी वर नेला होता. आदल्या दिवशी हेमंतशेठना पाठवला, तर त्यांचा फोन आला होता: “ही! हीच! डोळा मारते रे ही! नाव मिश्कील ठेवू.”

मी ती खिडकी बंद केली.

मग तिच्यासमोर पत्रक केलं. बाटली नव्याने काढायचा कंटाळा आला, म्हणून हेमंतशेठच्या वाइनसाठी काढलेली बाटली घेतली. कोरी, बिनलेबलाची. आडवी केली, खाली शिक्का काढला, वर लिहिलं, ‘आडव्या बाटलीलाच मत’. मावशीने चष्मा कपाळावर न चढवता, नाकावरून खाली करून, मान तिरकी करत बघितलं.

“झोपल्यावानी दिसती,” ती समाधानाने म्हणाली. “मेल्यावानी नाही दिसत. पण चालंल. किती झाले?”

“काही नाही. माझ्याकडून.”

तिने पिशवीतून द्राक्षं काढून टेबलावर ठेवली. निवडलेली होती. एकही मणी खराब नव्हता.

*

आता एक तांत्रिक गोष्ट सांगायला हवी. संगणकात तुम्ही बाटली एकाच जागी ठेवता आणि ती पाहिजे तिथे, दहा ठिकाणी, नुसती दाखवता. मूळ बाटली बदलली की दहाही ठिकाणी आपोआप बदलते. सोय आहे. मी नवीन आलो तेव्हा मालकांनी मला हे शिकवलं होतं, वेळ वाचतो म्हणून.

पुढच्या आठवड्यात मिश्कीलचं लेबल पक्कं झालं. उत्पादन शुल्क खात्याने इशाऱ्याची अक्षरं मोठी करायला सांगितली, बाईच्या डोळ्याबद्दल काही विचारलं नाही. हातकागदासारखा खरखरीत कागद, चेहऱ्याला उठाव, नावाला तांबूस फॉइल. मी ते लेबल मूळ बाटलीवर चढवलं, हेमंतशेठना दाखवायला. नंतर दोन दिवसांनी पत्रकाची फाईल छपाईला सोडली. उघडून बघितली नाही. मावशीने पास केलेलीच होती.

पाचशे पत्रकं गेली. मावशीने ती दोन दिवसांत स्वतः घरोघरी वाटली.

ज्यांना वाचता येत होतं, त्यांनी मजकूर वाचला. ज्यांना येत नव्हतं, त्यांनी चित्र बघितलं. आडव्या बाटलीवर, करंगळीच्या नखाएवढा, आडवा पडलेला चांगुणामावशीचा चेहरा. माझं काम इतकं बारकाईने त्याआधी कुणी बघितलं नव्हतं, नंतरही नाही.

*

मतदान रविवारी होतं. शनिवारी सकाळी प्रेसमध्ये फोन आला. पत्रकाच्या तळाशी छापणाऱ्याचा नंबर असतो.

“तू काय केलं रे पोरा?” मावशी म्हणाली.

मी फाईल उघडली. आडव्या बाटलीवर लेबल होतं.

“ते जाऊ दे,” ती म्हणाली. “दुपारी डेअरीवर बाया जमणार. तू ये आन् सांग. मला ठावं नव्हतं, एवढंच सांग. माझं सांगितलेलं त्यांना पटंना.”

“येतो.”

“थट्टा नाही ना करत?”

“नाही, मावशी.”

निघताना हेमंतशेठचाही फोन आला. त्यांना गावातून कळलं होतं.

“जा, पण तोंड सांभाळ,” ते म्हणाले. “न विचारता चेहरा घेतला असं चार लोकांत बोललास, तर उद्या कुणीही वकील धरून येईल. चाळीस हजार लेबलं छापून पडलीत. तुझे मालक तुला ठेवतील का, विचार कर.”

तळेवाडीत शिरताना आधी ते दुकानच लागलं. दुकानदाराने पत्रकातला चेहरा झेरॉक्सवर मोठा मोठा करत नेऊन शटरला चिकटवला होता. सगळे ठिपके ठिपके झाले होते. पण मिटलेला डोळा लांबूनही ओळखू येत होता. खाली मार्करने लिहिलं होतं, ‘ताईंचा ब्रँड’. माझं पहिलं जाहीर प्रदर्शन. बाहेर पायरीवर एक लुकडा पोरगा बसला होता, छान सावली बघून, भिंतीला टेकून.

“आर्टिस्ट का?” त्याने विचारलं. “आईला बरी काढली रे. मलाबी काढ ना.”

हा भाऊसाहेब. त्याच्या डोळ्यांत काही वाईट नव्हतं. त्याने बसूनच हात पुढे केला. उठला नाही.

डेअरीच्या ओट्यावर आणि खाली मिळून शंभरेक बायका असतील. मावशी एका बाजूला खांबापाशी उभी होती, पदर कपाळाच्याही खाली ओढलेला. तिच्याजवळ कुणी उभं नव्हतं. द्राक्षांच्या टेबलापाशी तिच्या समोरच उभी राहणारी लंकाबाई पुढे आली. तिच्या हातात पत्रक होतं.

“हा आला बघा,” ती म्हणाली. “तूच ना चित्र काढणारा? ही कोण बाटलीवर?”

“चांगुणामावशी,” मी म्हणालो.

“तिने काढायला सांगितली?”

डेअरीतलं मशीन घरघरत होतं. मावशीने मान वर केली नाही, फक्त ऐकत होती. मला फक्त ‘नाही’ म्हणायचं होतं. म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न येणार होता, मग तुला कुणी सांगितलं? आणि मला चाळीस हजार लेबलं दिसायला लागली.

“बोल की रे,” मागून एक जण ओरडली. “डोळा पण तसाच काढलाय. डोळा मुद्दाम काढला का?”

आणि मला वाटलं, इथे सुटका आहे. बायका हसल्या की तणाव जाईल. हसणारा माणूस पुढचा प्रश्न विचारत नाही, हा माझा अनुभव होता.

“मी काय करू?” मी म्हणालो. चेहरा हलला नाही. “मावशींनीच मला बघून डोळा मारला.”

कुणीही हसलं नाही.

एखादी थट्टा पडली की समजतं. ही पडली नव्हती, खरी धरली गेली होती. बायका माझ्याकडे बघतच नव्हत्या, सगळ्या मावशीकडे बघत होत्या. लंकाबाईने पत्रकाची घडी घातली, आणखी एक घडी घातली, आणि ते मावशीच्या पायापाशी ठेवलं. फेकलं नाही, ठेवलं. मग ती ओट्यावरून उतरली आणि तिच्यामागून एकेक जण उतरू लागली. मी मावशीला म्हणालो, “उद्यापर्यंत निवळेल.”

“तुला घाई असंल,” ती म्हणाली. “पाचची बस आहे.”

*

रविवारी संध्याकाळी शाळेत मतं मोजली. आडव्या बाटलीला एकशे चौसष्ट. उभ्या बाटलीला एकवीस. उभी बाटली जिंकली. बाकीच्या दोनशे सत्तावीस जणी घरी बसल्या होत्या. एकवीस मतांनी एकशे चौसष्टांना हरवलं, हे मला प्रेसमध्ये सोमवारी सकाळी हेमंतशेठनी फोनवर सांगितलं. त्यांनाही त्यात थोडं हसू आलं. त्यांनी बाटल्यांवर लेबलं कशी बसतात ते बघायला बोलावलं होतं.

शेडमध्ये काम चालू होतं. द्राक्षं पिकलेली होती, ती थांबत नाहीत. टेबलाच्या एका टोकाला नऊ बायका होत्या, दुसऱ्या टोकाला चांगुणामावशी एकटी. घड उचलत होती, उन्हात धरत होती.

“मावशी,” मी म्हणालो, “मी चुकलो.”

“हं.”

“मला सांगता आलं असतं.”

“आलं असतं,” ती म्हणाली. तिने हातातला घड पुरता बघितला, दोन मणी काढले, क्रेटात ठेवला. मग हात पदराला पुसले. “जवळ ये. असा उजेडात.”

मी गेलो. तिने पदर मागे सारला आणि डाव्या डोळ्याची पापणी बोटाने वर उचलली. तिथे काही नव्हतं. नुसती गुलाबी, ओलसर जागा होती. गालावरून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत बारीक पांढरी रेघ गेली होती आणि तिने तो कोपरा वर ओढून धरला होता. फोटोत ती रेघ मला सुरकुती वाटली होती. चित्रात मी ती काढून टाकली होती. कोपरा ठेवला होता.

“उघडत नाही तो,” ती म्हणाली. “दोन वर्षं झाली.”

“कशाने?”

“देशीच्या चपटीने. भाऊसाहेबाने मारली. मला नव्हता मारत, भिंतीला मारत होता. पण पेल्यावर नेम कुठं राह्यतो.”

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बायकांचे हात चालूच होते.

“गावात समद्यांना ठावं आहे,” ती म्हणाली. “ह्या डोळ्यावरूनच तर सुरू झालं. ही लंका मला दवाखान्यात घेऊन गेली, जीपमधी, माझं डोकं मांडीवर धरून. तिथंच बोलली, आता हे दुकान ठेवायचं नाही. मंग एकेक बाई आली. आता त्यांना वाटतंय, मी तोच डोळा बाटलीवर दिला.” तिने पदर पुन्हा कपाळाखाली ओढला. “आन् तू म्हणाला, डोळा मारला.”

तिने क्रेटातली एक काडी काढून टाकली.

“एक विचारू?” ती म्हणाली. “तुला दोन्ही डोळे उघडे काढता येत्याल का? चित्रात?”

“येतील. दोन मिनिटांचं काम आहे.”

“मंग काढ. बाटलीवर काय लावायचं ते लावा, पण दोन्ही उघडे लावा. लंकाला दाखवीन. पुढच्या वर्षी परत अर्ज करता येतो का, तेपण विचारणार आहे.”

“आजच काढतो.”

“थट्टा?”

“नाही.”

तिने पुढचा घड उचलला.

*

प्रेसमध्ये येऊन मी फाईल उघडली. उजवा डोळा उचलला, त्याची नक्कल केली, आरशासारखी उलटी केली आणि डाव्या जागी ठेवली. दोन मिनिटंही लागली नाहीत. मग ओठाचा कोपरा खाली घेतला, जिथे तो आधी असेल तिथे. हेमंतशेठना पाठवलं.

त्यांचा फोन लगेच आला. “हे काय? ही तर माझ्याकडून काहीतरी मागतेय. जिवंतपणाच गेला ना सगळा. जुनंच राहू दे. आणि ऐक, तू या गावात आता येऊ नको काही दिवस.”

जुनंच राहिलं. आठ वर्षं झाली, अजून तेच आहे. त्या लेबलाला बंगळुरूला बक्षीस मिळालं, त्यावर मला पुण्यात नोकरी मिळाली. दुकानांत लोक सत्तर बाटल्यांतून हीच उचलतात आणि सोबतच्याला दाखवतात, बघ, डोळा मारतेय. तळेवाडीतलं दुकान अजून आहे. भाऊसाहेब दुसऱ्या वर्षी गेला, दुकान आणि घर यांच्यामधल्या चारशे पावलांत, साधारण अडीचशेव्या पावलावर. मावशी पुढच्या हंगामात टेबलावर आली नाही, एवढंच हेमंतशेठ म्हणाले. पुन्हा अर्ज झाला नाही.

पण त्या सोमवारी यातलं काही झालेलं नव्हतं. तेव्हा फक्त फाईल उघडी होती. मावशीला पाठवायचं तर एक कागद छापायचा, पाकिटात घालायचा आणि तळेवाडीकडे जाणाऱ्या बसच्या कंडक्टरकडे द्यायचा, एवढंच होतं. मी छपाईचं बटण दाबणार होतो. तेवढ्यात तिच्याकडे बघितलं. ती बघत होती. दोन्ही डोळ्यांनी, सरळ, माझ्याकडे. मी स्टूल जरा डावीकडे सरकवलं, मग उजवीकडे. काही फरक पडला नाही.

फाईल बंद करायला गेलो तर संगणकाने विचारलं, बदल जपून ठेवायचे का?

मी ‘नाही’ दाबलं.